मुठीत धरलेलं बी

त्याला सगळे मोजपट्टी म्हणत. पाठीमागे म्हणत तसं तोंडावरही म्हणत, आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. छत्तीस वर्षं त्यानं इमारतींचे नकाशे काढले होते. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी खिशात टेप असायचाच. कुणाच्या घरी गेला की चहा येईपर्यंत खोलीची लांबीरुंदी नजरेनंच घेऊन मोकळा व्हायचा आणि मग यजमानाला सांगायचा, "तुमचं हे दार दीड इंच कमी आहे बरं का." अशा माणसाला दुसऱ्यांदा चहाला कोण बोलावणार?

बायको अगदी उलटी. तिच्या जगात मापच नव्हतं. मूठभर, जरासं, वाटलं तितकं. घराच्या मागे जमिनीची एक पट्टी होती, अकरा फूट चार इंच बाय एकोणतीस फूट. हे माप अर्थात त्याचं. ती नुसतं 'मागे' म्हणायची. अलीकडे स्वयंपाकघराचं दार, पलीकडे छापखान्याची उंच भिंत, आणि भिंतीआडून दिवसभर यंत्रांची धडधड. त्या धडधडीत तिनं एकोणचाळीस वर्षं बाग केली.

बाग म्हणजे तिच्या लेखी खत-पाणी एवढंच नव्हतं. चंद्र वाढता असला तरच ती पेरायची. पेरताना अनवाणी असायची. बी डाव्या मुठीत धरून पायरीवर बसायची, मूठ ओठांशी न्यायची आणि तिच्यात काहीतरी पुटपुटायची. कधी पाच मिनिटं, कधी अर्धा तास. मग मूठ उघडून म्हणायची, "हे येणार." किंवा, "नाही, हे नाही यायचं." जे यायचं नाही ते चिमण्यांना टाकून द्यायची.

एका वर्षी मोजपट्टीनं तिच्या नकळत याची नोंद ठेवली. चौसष्ट वेळांपैकी एकसष्ट वेळा तिचं खरं निघालं. तो कागद त्यानं चार घड्या घालून पुस्तकात लपवला आणि कुणाजवळ अवाक्षर काढलं नाही. ज्याचा हिशेब लागत नाही ते बोलून दाखवायचं कशाला?

लोक तिच्याकडे रोपं मागायला यायचे. कुणाचं घरात पटत नसायचं, कुणाला झोप यायची नाही, कुणाचा हात थरथरायचा. "मी रोप देते, औषध देत नाही," असं ती आधीच बजावायची. पण ज्यानं रोप मागितलं त्याच्यासाठी ती वेगळं बी निवडायची, मुठीत धरून त्याचं गाऱ्हाणं बियाला सांगायची आणि रुजलेलं रोप पंधरा-वीस दिवसांनी त्याच्या हातात द्यायची. लोक तिला काकू म्हणत. काकू मागे लोकांशी बोलत असायच्या तेव्हा मोजपट्टी पुढच्या खोलीत शब्दकोडं सोडवत असायचा. बियांना ती नेमकं काय सांगते हे त्यानं एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, हे त्याला फार नंतर कळलं.

थंडी सरता सरता तिला ताप आला. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं, पाचव्या दिवशी ती गेली. मूलबाळ नव्हतं. आलेली माणसं आठवड्याभरात आपापल्या घरी गेली. सगळे गेल्यावर मोजपट्टीनं मागच्या दाराला कडी घातली. रागानं नव्हे. त्या दारातून दिसणारं प्रत्येक पान तिनं हात लावलेलं होतं, आणि त्याला ते बघवत नव्हतं, इतकंच.

मग उन्हाळा आला. पाणी घालायला कुणी नव्हतं.

दर रविवारी आक्काचा, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा, फोन यायचा.

"जेवलास का?"

"जेवलो."

"काय जेवलास?"

"अन्न."

"मेल्या, नीट बोलशील तर शप्पथ! इकडे ये म्हणते तर येत नाहीस. एकटा जीव तिथे काय भिंती मोजत बसतोस?"

"भिंती मोजून झाल्यात," तो म्हणायचा, आणि फोन संपायचा. पुढचा रविवार येईपर्यंत तो घरात कुणाशीही बोलायचा नाही. एकदा सिलिंडरवाल्यानं काहीतरी विचारलं तर उत्तर द्यायला त्याच्या घशातून आवाजच फुटेना. दोनदा खाकरावं लागलं. त्या दिवसानंतर तो रोज एकदा कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊ लागला. घ्यायचं काही नसायचं. दुकानदार विचारायचा, "काका, काय देऊ?" आणि तो म्हणायचा, "आज काही नको." तेवढीच वाक्यांची देवाणघेवाण.

ऊन उतरायला लागलं होतं, पाऊस अजून आला नव्हता, त्या दिवसांत एका दुपारी दारावर थाप पडली. गल्लीच्या तोंडाशी कपडे उसवून-शिवून देणारं दुकान होतं, तिथली शिंपीण आली होती. पन्नाशीची बाई. बोलताना ओठात टाचणी असल्यासारखं जपून बोलायची.

"काका, रागावू नका. काकूंनी मला शब्द दिला होता."

"कसला?"

"रोपाचा. माझ्या आईसाठी. तिला हल्ली काही आठवत नाही. मला पण ओळखत नाही." शिंपीण उंबऱ्याकडे बघत बोलत होती. "काकू म्हणाल्या होत्या, डोक्यातून माणसं निघून गेली तरी हाताला ओळख राहते. तुझ्या आईला वासाचं रोप देऊ. चंद्र वाढायला लागला की पेरते म्हणाल्या. आणि त्याच आठवड्यात..."

 

"मागे सगळं वाळलंय," मोजपट्टी म्हणाला. "आणि मला त्यातलं काही येत नाही. रोपवाटिकेतून आणा ना एखादं."

"आणलं होतं. तिनं फेकून दिलं." शिंपीण जायला वळली. मग थांबून म्हणाली, "तुम्ही इतकी वर्षं शेजारी होतात काका. काहीतरी कानावर पडलं असेल."

ते वाक्य त्याला लागलं. शेजारी. नवरा नाही म्हणाली, शेजारी म्हणाली. तिच्या मनात तसं काही नसेलही. पण रात्री ताटावर बसल्यावर त्याला घास जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ठरवलं, माहिती काढायची. नकाशा चुकला तर माणूस जागेवर जाऊन पुन्हा मोजतो. तसंच हे. ज्यांना तिनं रोपं दिली त्यांना विचारायचं, ती काय करायची, कोणते शब्द म्हणायची. कुठेतरी एक पद्धत असणारच.

पोस्टमन त्याला टपाल कार्यालयाच्या मागे भेटला, सायकलच्या चाकात हवा भरत होता. त्याचा उजवा हात एके काळी थरथरायचा. तिनं त्याला झेंडू दिला होता.

"शब्द?" पोस्टमन हसला. "अहो, त्या कुठे बोलल्या! मलाच बोलायला लावलं. बी माझ्या मुठीत दिलं आणि म्हणाल्या, ज्याची लाज वाटते ते सांगून टाक याला. मी सांगितलं. काय ते तुम्हाला नाही सांगणार."

"मग हात?"

"हात थरथरतोच की. पण आता लपवत नाही मी."

नर्सबाई सरकारी दवाखान्यात होत्या. त्यांची पाळी संपेपर्यंत तो बाकावर बसून राहिला. त्यांना दोन वर्षांपूर्वी झोप येत नव्हती.

"मला त्यांनी एक शब्दही बोलू दिला नाही," नर्सबाई म्हणाल्या. "दिवसभर लोकांचं ऐकतेस ना, म्हणाल्या, मग आता नुसती गुणगुण. कोणतीही चाल. मी वेड्यासारखी वीस मिनिटं गुणगुणत बसले त्या पायरीवर."

मोजपट्टी वैतागला. एकाला बोल, दुसरीला गप्प बस. कशाचा कशाला मेळ नाही. तो उठायला लागला तशा नर्सबाई सहज म्हणाल्या, "आणि तुमची द्राक्षाची वेल कशी आहे?"

"माझी?"

"म्हणजे, तुमच्यासाठी पेरलेली. छापखान्याच्या भिंतीजवळची. तुम्ही द्राक्षं खाऊन बशीत बिया टाकल्या होत्या म्हणे, त्यातली एक त्यांनी उचलली. गेल्या दिवाळीत मला दाखवली होती. तीन वर्षांची झाली म्हणाल्या." नर्सबाई त्याच्या चेहऱ्याकडे बघून चपापल्या. "तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"काय मागितलं होतं तिनं? माझ्यासाठी?"

"ते नाही सांगितलं. एवढंच म्हणाल्या, याला वेळ लागेल. हा माणूस उशिरा उगवतो." आणि नर्सबाई हसल्या, पण लगेच त्यांनी ते हसू आवरलं.

घरी आल्यावर त्यानं मागच्या दाराची कडी काढली. चार महिन्यांत ती गंजून घट्ट बसली होती, हातोडीनं ठोकावी लागली. मागे सगळं तपकिरी झालं होतं. कुंड्यांतली माती तडकून कडेपासून सुटली होती. भिंतीजवळ तारेला गुंडाळलेली एक वेल होती, त्याच्या खांद्याएवढी. तिनं ती वेल जुन्या पातळाच्या चिंध्यांनी जागोजाग हलकेच बांधली होती. त्यानं खिशातल्या चाकूनं साल खरवडली. आत हिरवं नव्हतं. आणखी खाली खरवडली. तिथेही नव्हतं. मग त्यानं गुडघे टेकले आणि हातांनी मुळाशी उकरलं. मुळं सुतळीसारखी कोरडी, ओढली तर हातात आली.

तीन वर्षं ती हिला पाणी घालत होती, आणि आपण एक कडी लावून चार महिन्यांत मारली. तो तिथेच, उकरलेल्या मातीजवळ बसला आणि रडला. दवाखान्यात रडला नव्हता, लोक जमले तेव्हाही नव्हता. भिंतीपलीकडे यंत्र धडधडत होतं म्हणून बरं, नाहीतर छापखान्यातली माणसं धावून आली असती.

वेल काही पुन्हा फुटली नाही. त्यानं आठवडाभर पाणी घालून बघितलं, मग उपटली.

पण तोवर चंद्र वाढायला लागला होता.

बियांचे डबे स्वयंपाकघरातल्या फळीवर होते, औषधांचे रिकामे पत्र्याचे डबे, चाळीसेक. एकावरही नाव नाही. एकदा त्यानं हौसेनं सगळ्यांवर सुवाच्य अक्षरांत चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, नकाशावर लिहितात तशा. तिनं दुसऱ्याच दिवशी भिजवून काढून टाकल्या. "नाव लिहिलं की माणूस उघडून बघत नाही," म्हणाली होती. तेव्हा दोघांचं दोन दिवस बोलणं बंद होतं. आता त्याला एकेक डबा उघडून नाकाशी न्यावा लागला. बाराव्या की तेराव्या डब्यात बडीशेप होती. वासाचं रोप म्हणजे हेच असेल, असं त्यानं ठरवलं. पान चुरगळलं की बोटांना वास लागतो, आणि चुरगळायला काही आठवावं लागत नाही.

सकाळी त्यानं चपला काढल्या. पायरीवर बसला. डाव्या मुठीत चिमूटभर बी घेतलं आणि मूठ ओठांशी नेली. आपण मूर्खासारखे दिसत असणार असं वाटून त्यानं आधी छापखान्याच्या खिडकीकडे बघितलं. कुणी नव्हतं.

काय बोलायचं?

शिंपिणीच्या आईचं नाव घेऊन तो म्हणाला, "हिला आठवू दे." ते त्याला खोटंच वाटलं. कुणीतरी शिकवल्यासारखं. देवाधर्मातलं त्याला काही येत नव्हतं, गाणं येत नव्हतं, लाज कशाची वाटते ते सांगायला अजून धीर नव्हता. खरं असं त्याला फक्त माप सांगता येत होतं. म्हणून त्यानं तेच सांगायला सुरुवात केली.

"पलंग सहा फूट बाय पाच," तो मुठीत म्हणाला. "ती भिंतीकडे झोपायची. दोन फूट नऊ इंचांत मावायची. मी आता मधोमध झोपून बघितलं, झोप येत नाही. परत माझ्या बाजूला आलो. ओटा बत्तीस इंच उंच आहे. तिला तीस हवा होता. तीन वेळा म्हणाली होती. मी नकाशात बदल केला नाही. पुढच्या खोलीतून या पायरीपर्यंत सतरा पावलं आहेत. मी मोजलीत. सतराच आहेत. मी कधी येऊन बसलो नाही."

तो किती वेळ बोलत होता त्याला कळलं नाही. इतकं सलग तो वर्षानुवर्षांत बोलला नसेल. थांबला तेव्हा मूठ गरम झाली होती आणि तिच्या आत काहीतरी बारीक ठोके घेत होतं. आपलीच नाडी, असं त्यानं स्वतःला समजावलं. मनगट तर इकडे आहे, मग ठोके बोटांच्या टोकाशी का? मूठ न उघडता त्याला कळलं, हे येणार. कसं कळलं ते विचारू नका. त्यालाही सांगता आलं नसतं.

नऊ कुंड्यांत त्यानं बी लावलं. पाचव्या दिवशी आठ कुंड्यांत हिरवे केस उगवले होते. नववीत काहीच आलं नाही, कधीच आलं नाही.

महिन्याभरानं रोपं वीतभर झाली तशी तो त्यातलं एक घेऊन स्वतः शिंपिणीच्या दुकानात गेला. दुकानाच्या मागच्या खोलीत तिची आई खिडकीशी बसली होती, ऐंशीच्या पुढची, चिमणीएवढी. शिंपिणीनं रोप तिच्या मांडीवर ठेवलं. म्हातारीनं बराच वेळ बघितलं नाही. मग तिचा अंगठा आणि तर्जनी आपोआप पुढे आली, पान चुरगळलं गेलं, बोटं नाकाशी गेली. तिनं डोळे मिटले.

"याला पाणी घातलं नाहीये कुणी," म्हातारी डोळे उघडून ठसक्यात म्हणाली. "आळशी मेले."

आठ-दहा दिवसांनी शिंपीण काचेच्या बरणीत आल्याचा चहा घेऊन आली. हसत होती आणि डोळे पुसत होती.

"ओळखलं का तुम्हाला?" त्यानं विचारलं.

"छे! नाव नाही, गाव नाही. पण रोज सकाळी रोपाला पाणी घालते, आणि मी तांब्या भरून दिला की माझ्या पाठीवरून हात फिरवते. काल शेजारणीला सांगत होती, ही बाई कोण आहे माहीत नाही, पण माझ्या मुलीपेक्षा चांगली आहे!" शिंपीण पुन्हा हसली. "आता यावर रडू का हसू, तुम्हीच सांगा काका."

त्यानं बरणीचं झाकण उघडून चहाचा वास घेतला. तिनंच मग विचारलं, गुरुवारी दुकान बंद असतं, आईला तासभर इथे मागे आणून बसवलं तर चालेल का? आणखी झाडं बघून तिला बरं वाटेल.

गुरुवारी शिंपिणीनं आईला पायरीवर बसवलं आणि स्वतः औषधं आणायला गेली. म्हातारी बागेकडे बघत होती. बाग कसली, आठ कुंड्या, त्यातली एक रिकामी, आणि खणून ठेवलेली माती. मोजपट्टी वाफ्याची ढेकळं फोडत होता.

"माळीबुवा," म्हातारीनं हाक मारली, "घरात कोण कोण असतं?"

त्यानं खुरपं खाली ठेवलं. हा प्रश्न गेल्या सहा महिन्यांत त्याला कुणी विचारला नव्हता, कारण सगळ्यांना उत्तर ठाऊक होतं.

"मीच असतो मावशी. बायको गेली."

"अगं बाई. कधी?"

"थंडीत."

"अरेरे," म्हातारी म्हणाली. तिनं तोंडानं चुकचुक केलं, अगदी मनापासून. मग कुंडीतलं एक पान तोडलं, चुरगळलं, वास घेतला. भिंतीपलीकडचं यंत्र थांबलं आणि परत सुरू झालं.

"माळीबुवा, घरात कोण कोण असतं?"

"बायको गेली मावशी," तो पुन्हा म्हणाला. या वेळी आवाज फाटला.

"अगं बाई! कधी?"

त्या तासाभरात तिनं पाच वेळा विचारलं. प्रत्येक वेळी तिला ते नव्यानं समजायचं आणि प्रत्येक वेळी तिला तितकंच वाईट वाटायचं. लोक एकदाच हळहळतात आणि मग विषय बदलतात. ही बाई काही विषय बदलत नव्हती. तिसऱ्या वेळी त्यानं ताप किती दिवस होता ते सांगितलं. चौथ्या वेळी द्राक्षाच्या वेलीचं सांगितलं, आणि ती आपल्या हातून मेली हेही सांगितलं.

"झाडं मरतात हो," म्हातारी म्हणाली. "कशी होती?"

"वेल?"

"बायको."

पाचव्या वेळी त्यानं तिच्याशेजारी पायरीवर बसूनच सांगितलं. उंची किती, ते नाही सांगितलं. ती हसताना आधी तोंडावर हात धरायची आणि मग हात काढून मोठ्यानं हसायची, ते सांगितलं. फोनवर बोलताना दाराच्या चौकटीवर नखानं रेघा काढायची, ते सांगितलं. म्हातारी मान डोलावत ऐकत होती. त्यातलं काही तिच्याजवळ राहणार नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं. पुढच्या गुरुवारी सगळं पहिल्यापासून.

शिंपीण आली, आईला हाताला धरून घेऊन गेली. जाताना म्हातारीनं मागे वळून बघितलं नाही. तो तिच्या मनातून दारातच पुसला गेला असणार.

संध्याकाळ झाली. छापखाना बंद झाला तशी मागे एकदम शांतता पडली, आणि घर आतून जितकं रिकामं होतं तितकंच रिकामं राहिलं. मोजपट्टीनं हातपाय धुतले, दोन अंडी उकडायला ठेवली आणि पाणी उकळेपर्यंत ओट्याला टेकून उभा राहिला. घसा दुखत होता. खूप बोललं की दुखतो तसा.